ढोरं काय साड्या खातीन? : वणव्यात जळालेल्या एका टोल्याचं प्रकरण

गावाचं नाव, साल आणि माणसांची नावं या लेखात दिलेली नाहीत. का, ते मध्यावर कळेल.

पार्श्वभूमी

नागपूरहून दीड-पावणेदोन तासांवर, रामटेक-पारशिवनीच्या बाजूला हे गाव आहे. मूळ वस्ती मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीखाली. तिथून किलोमीटरभर आत, सागवानाला अगदी खेटून, २३ घरांचा टोला. भिंती मातीच्या, वर कवेलू, म्हणजे कौलं. चार-पाच घरांवर सिमेंटचे पत्रे. घराला लागून ढोरांचा कोठा, कोठ्याला लागून वर्षभराच्या चाऱ्याचा ढीग. तुरीचं-सोयाबीनचं कुटार, धानाचं तणस, शेजारी चुलीसाठी रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. एप्रिलमध्ये हा माल इतका वाळलेला असतो की मुठीत धरला तर चुरा होतो.

शेती कोरडवाहू. खरिपाचे दाणे घरात येतात, पण रोकड हातात येते ती मार्च ते मे या दिवसांत, आणि ती जंगलातून. आधी मोहफूल, मग तेंदूपत्ता. मोहाचं झाड उभं जंगलात असलं तरी कुठलं झाड कुणाच्या घराचं, हे आजा-पणजापासून ठरलेलं. पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन निघतात, ऊन चढायच्या आत फुलं वेचून परततात. एप्रिलच्या शेवटी पत्ता सुरू होतो. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा, असे हजार पुडे म्हणजे एक स्टँडर्ड बॅग. दिवसभर तोडायचा, रात्री घरात बसून पुडे बांधायचे, फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे. जूनचं बियाणं, पोरांच्या वह्या, उधारीचं व्याज, सगळं त्यातून.

मोहफूल पानगळीच्या दिवसांतच पडतं. खाली वाळला पाला घोटाभर साचलेला, त्यात फूल दिसत नाही. म्हणून झाडाखाली पाला जाळायची जुनी सवय. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही काडी लावली जाते. वनखात्याच्या लेखी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, आणि राखीव जंगलात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. शहरात ती कुणाला माहीत नसते, टोल्यात मात्र म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत होती. आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणानं लागली असेल, तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार काही काळ थांबवू शकतं. एकानं काडी लावायची आणि सगळ्या गावाचा मोह बंद व्हायचा, असा त्याचा गावातला अर्थ.

आग

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. दुपारी अडीचच्या सुमारास टोल्यापासून दोनेक किलोमीटरवर धूर दिसला. भारतीय वन सर्वेक्षणाकडून आगीचे संदेश वनरक्षकांच्या मोबाइलवर येतात, ही सोय चांगलीच आहे. पण त्या नोंदी ज्या उपग्रहांवरून येतात त्यातले महत्त्वाचे आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आगेमागे जातात. ही आग त्यांची पाठ वळल्यावर लागली. रात्री संदेश आला तेव्हा टोला जळून विझलाही होता.

आपल्याकडचा वणवा बातम्यांतल्या परदेशी वणव्यासारखा शेंड्यांवरून धावत नाही. पाल्यावरून सरकत येतो, ज्वाळा गुडघ्याएवढ्या. सागाचे बुंधे काळे होतात, झाडं उभीच राहतात. पळसाच्या ओल्या डहाळ्यांनी झोडपला तर तो विझतो, आणि टोल्यातली माणसं तेच करत होती. चारनंतर वारं फिरलं. ठिणग्या उडाल्या आणि सगळ्यात कडेच्या घरामागच्या तणसात पडल्या. तणसावरून कोठा, कोठ्यावरून आढं, आढ्यावरून शेजारचं कुटार. तासाभरात नऊ घरं आणि सोळा कोठे गेले. अकरा शेळ्या, दोन गायी आणि एक बैल दाव्यालाच मेले. माणूस गेलं नाही. दावी सोडवताना दोघी बायकांचे हात भाजले.

म्हणजे टोला जंगलानं जाळला असं म्हणायचं खरं, पण जाळला तो चाऱ्यानं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव जळालं, तेव्हाही कितीतरी घरं उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटली होती. तिकडे आता घराभोवतीची पहिली पाच फूट जागा मोकळी ठेवायला सांगतात. आमच्या टोल्यात नेमक्या त्याच पाच फुटांत वर्षभराचं कुटार होतं.

अडचण

आमचा गट नागपुरातल्या आठ-दहा जणांचा. दोन शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक पशुवैद्यक, बाकी नोकरदार. पुराच्या वेळी सामान पोचवण्याचा थोडा अनुभव होता, आगीचा अजिबात नव्हता. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेम्पो भरून निघालो. टेम्पोत साड्या, शर्ट, चादरी, बिस्किटांचे पुडे. एका दिवसात इतके कपडे जमले की दुसरा टेम्पो करावा लागणार होता. लोकांना कपाट रिकामं करायला निमित्त हवंच होतं, हे लिहायला बरं वाटत नाही, पण त्या गाठोड्यांत एक लग्नातला फेटा आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातले परीचे पंख निघाले.

टोल्यात टेम्पोचं फळकं उघडलं. हाताला पट्टी बांधलेली एक मावशी जवळ आली, वरची साडी उचलून पाहिली, परत ठेवली.

"कपडे तं अंगावर हायेत भाऊ," ती म्हणाली. "चारा आणला का?"

आमच्यातल्या एकानं सांगितलं, चारा नाही, पण साड्या चांगल्या आहेत, मावशी.

"ढोरं काय साड्या खातीन?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडले होते, हे आम्ही सगळ्यांनीच वाचलेलं होतं. तरी टेम्पो कपड्यांचाच भरला.

त्या दिवशी झाडाखाली बसून वहीत घरवार लिहून घेतलं. तेव्हा लक्षात आलं की नुकसान चार वेगवेगळ्या जातींचं आहे, आणि त्यातलं एकच बाहेरून दिसतं. नऊ घरं दिसत होती. २३ पैकी १९ घरांचा चारा गेला होता, आणि पाऊस यायला दोन महिने होते. बहुतेकांचे मोह ऐन बहरात होरपळले होते, तेंदूची झुडपं जळाली होती. चौथं म्हणजे कागद: आधार, रेशन कार्ड, पासबुक, दोघांचे वनहक्काचे पट्टे.

सरकारी मदतीचं गणित साधारण असं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत आग धरलेली आहे. सपाट भागात पूर्ण नष्ट झालेल्या घराला १ लाख २० हजार रुपये, दुधाळ गायी-म्हशीला ३७,५००, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, शेळीला ४,०००, घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३,०००. कपड्यांना आणि भांड्यांना कुटुंबामागे प्रत्येकी २,५००. वाचायला बरं वाटतं. पण यात मोहफुलाची ओळ नाही, तेंदूपत्त्याची नाही. पिकाचं नुकसान सातबाऱ्यावर लिहिता येतं. मोहाला सातबारा नाही.

निर्णय पहिला: मशीन

पहिल्या दिवशी आमची सगळ्यात मोठी चूक थोडक्यात टळली. येतानाच आम्ही जवळच्या एका ठेकेदाराकडून जेसीबी सांगून ठेवला होता. राख-मलबा उपसून जागा साफ करून द्यायची, म्हणजे लोकांना लगेच घर उभारता येईल, असा विचार. मशीन आलं, बकेट खाली गेलं आणि एक आजी थेट समोर येऊन उभी राहिली.

"थांबव रे बाप्पा! माहे गोट त्याच्यातच हायेत."

ती दोन दिवसांपासून धान्याच्या चाळणीनं आपल्या घराची राख चाळत होती. एका कडेला चाळून झालेली राख, दुसरीकडे न चाळलेली, मध्ये एका ताटलीत सापडलेल्या वस्तू: कुलपाची किल्ली, वितळून लोळा झालेली स्टीलची वाटी, तीन नाणी, जात्याचा खुंटा. हातातले चांदीचे गोट सापडायचे होते. आम्ही मशीन परत पाठवलं. ठेकेदारानं अर्ध्या दिवसाचे पैसे घेतले, ते बरोबरच होतं.

गोट पाचव्या दिवशी मिळाले, काळे पडलेले पण शाबूत. आजीपुरता हा विषय तिथे संपला. आम्हाला मात्र नंतर कळलं की तोपर्यंत पंचनामाच झालेला नव्हता. मलबा उचलला असता तर तलाठ्यासमोर दाखवायला मोकळी जागा उरली असती. आजीनं आपले गोट वाचवले आणि नऊ घरांची भरपाईही.

शेळ्यांच्या बाबतीत असं कुणी आडवं आलं नाही. वास सुटेल म्हणून आगीच्याच संध्याकाळी लोकांनी अकराही शेळ्या पुरल्या होत्या. गायी आणि बैल मोठे, खड्डा खणायला माणसं नव्हती, म्हणून ते सकाळपर्यंत राहिले आणि त्यांचं शवविच्छेदन झालं. शेळ्यांचा दाखला मिळेना. एका पोराच्या मोबाइलवर दोन-तीन फोटो होते, तेवढ्यावर भागलं नाही. आमच्या डॉक्टरांनी हळूच विचारून पाहिलं, पुन्हा उकरायचं का? लोक नाही म्हणाले. आम्हीही जोर केला नाही.

निर्णय दुसरा: एक शब्द

पंचनामे झाले. बँकेतल्या काकांनी प्रती मागून घेतल्या आणि एकेक शब्द बोट ठेवून वाचला. नऊपैकी चार ठिकाणी 'घर' नव्हतं, 'झोपडी' होतं. निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या कच्च्या घराला पक्क्या घराएवढेच १ लाख २० हजार आहेत. झोपडीला ८ हजार. एका शब्दाची किंमत १ लाख १२ हजार.

यात कुणाचा डाव होता असं मला वाटत नाही. उन्हात, राखेत उभं राहून लिहिणाऱ्या माणसासमोर फक्त मातीचा ढिगारा होता. पण आता काय करायचं? एक मत होतं, मोर्चा न्यावा, पेपरात द्यावं. दुसरं, आमदारांना भेटावं. काका म्हणाले, आधी ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघू. घरपट्टीच्या आकारणीचं ते रजिस्टर. बांधकाम कशाचं आहे हे त्यात लिहिलेलं असतं. चारपैकी तिघांच्या नावापुढे 'माती, कवेलू' अशी नोंद सापडली. उतारे जोडून अर्ज केले आणि तीन शब्द बदलले. चौथं घर वनजमिनीवर होतं, त्याची कुठेच नोंद नव्हती. त्याला ८ हजारच मिळाले.

कागदांचं काम एका शिक्षिकेनं घेतलं. तिनं गावातल्या शाळेत दोन दिवस लॅपटॉप घेऊन बसून आधार, रेशन कार्ड, पासबुक यांच्या दुय्यम प्रतींचे अर्ज भरले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सगळ्या मदतीत सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात उपयोगी पडलेलं हेच.

निर्णय तिसरा: चारा की रोख

जमलेले पैसे साधारण सव्वासहा लाख. अर्ध्या लोकांचं म्हणणं, सगळे खात्यात टाका, त्यांचं त्यांना ठरवू द्या. मी त्याच मताची होते, आजही बऱ्याच बाबतींत आहे. पण चाऱ्याचं तसं होत नाही. प्रत्येकानं सुटं सुटं कुटार आणायचं म्हटलं तर मालापेक्षा भाडं जड. आणि रोख हातात असताना ढोर उपाशी दिसलं की माणूस बैल विकतो. त्या आठवड्यात दलाल टोल्यात येऊन गेलेच होते.

टोल्यात लहान-मोठी धरून ७० जनावरं उरली होती. दर जनावरामागे रोज ६ किलो कोरडा चारा धरला, दिवस ७५. साडेएकतीस टन. हा आकडा वहीत आला तेव्हा आम्ही गप्पच बसलो. काटोल-कळमेश्वरकडे गव्हाची मळणी आटोपली होती, तिकडचं कुटार आणि मौद्याच्या धानपट्ट्यातलं तणस असं मिळून २६ टनांच्या आसपास जमलं. काही शेतकऱ्यांनी फुकट दिलं. तणस नाहीतरी ते जाळणारच होते, हाही एक विनोदच. पैसे गेले ते ट्रकच्या भाड्यात.

उरलेल्यातून २३ही घरांना ५,००० आणि जळालेल्या नऊ घरांना आणखी १०,००० दिले, बायकांच्या खात्यात. घर न जळालेल्यांना का, असं मूळ गावातून विचारणं झालं. मोह त्यांचाही गेला होता, हे उत्तर टोल्यातल्या लोकांनीच दिलं, पण मूळ गावातल्या ज्यांचे मोह गेले होते त्यांना आम्ही काहीच दिलेलं नव्हतं. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

निर्णय चौथा: आग कुणी लावली?

हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच आला आणि तो नागपुरातून आला. एका मोठ्या देणगीदारानं फोनवर सरळ विचारलं, "त्यांनीच लावली असेल तर आपण का द्यायचं?"

आग मोहाखाली सुरू झाली, हे जळालेल्या पट्ट्यावरून कुणालाही दिसत होतं. वनखात्याला नाव हवं होतं. टोल्यात ते नाव बहुधा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही विचारलं असतं तर कदाचित आम्हालाही कळलं असतं. एकदा रात्री जेवताना एक जण सांगायला लागला, "ते पोट्टं काही वाईट नाही, पर..." तिथेच पोलीस पाटलानं खाकरून विषय बदलला.

आमच्या गटात यावर दोन बैठका झाल्या, दुसरी बरीच कडू. एक बाजू म्हणत होती, नाव पुढे आलंच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा काडी पडेल. दुसरी म्हणत होती, नाव आलं तर एका घरावर गुन्हा आणि कलम २६ ची टांगती तलवार सगळ्या गावावर. मग पुढच्या वर्षी आग लागली तर विझवायलाही कुणी जाणार नाही, कारण विझवताना दिसलेला माणूस म्हणजे आगीजवळ दिसलेला माणूस. शेवटी ठरलं ते एवढंच की आम्ही विचारणार नाही, कुणी सांगितलं तर ऐकणार नाही, आणि वनखात्याच्या कामात आड येणार नाही. देणगीदार गेला. गटातले एक जणही गेले, आणि ते पैशापेक्षा जास्त लागलं.

हा निर्णय बरोबर होता का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. या लेखात नावं का नाहीत, ते मात्र आता कळलं असेल.

निर्णय पाचवा: पाच हजार झाडं

मे महिन्यात शहरातल्या एका कंपनीकडून विचारणा झाली: ५ जूनला, पर्यावरण दिनी, जळालेल्या जंगलात पाच हजार रोपं लावू, टी-शर्ट आणि फोटोसह. रोपं, बस, जेवण सगळं त्यांचं. आमच्यातल्या निम्म्यांना ही सोन्यासारखी संधी वाटली.

टोल्यातल्या एका बुढ्यानं आम्हाला जंगलात नेलं. आगीला पाच आठवडे झाले होते. काळ्या जमिनीतून तेंदूचे तांबूस कोंब वीतभर वर आले होते, सागाच्या बुडातून फुटवे निघाले होते, पळस हिरवा होता. जमिनीवरून गेलेल्या आगीनंतर ही झाडं मुळांतून पुन्हा फुटतात. त्यांना हवं ते एवढंच की दोन पावसाळे तिथे ढोरं जाऊ नयेत. आणि ५ जूनला तिथे लावलेलं रोप पाऊस येईपर्यंत जगवायचं कुणी? आम्ही कंपनीला म्हटलं, झाडांऐवजी चारा द्या, तोच या जंगलाला सगळ्यात जास्त वाचवेल. घरी चारा असला तर ढोरं कोवळ्या फुटव्यांवर जाणार नाहीत. ते म्हणाले, चाऱ्याचा फोटो येत नाही. निदान प्रामाणिक होते. उंटावरून शेळ्या हाकणारे आम्हीही होतोच. फक्त आम्हाला उंटावरून उतरवणारी माणसं वेळेवर भेटली.

काय झालं

वर्षभरात नऊपैकी सात घरं उभी राहिली. कवेलू आता कुणी करत नाही, म्हणून सगळ्यांनी टिनाचे पत्रे टाकले, काही आम्हीच दिले. नागपुरात पारा ४७.९ पर्यंत गेलेला आहे (२३ मे २०१३). टिनाखालचा मे महिना कसा असतो ते वेगळं सांगायला नको. पुढच्या उन्हाळ्यात तीन घरांनी पत्र्यावर थंडाव्यासाठी पऱ्हाट्या आणि गवत अंथरलं. आगीनंतर दिलेल्या छतावर जळण. आम्ही बघत राहिलो.

बैल फारसे विकले गेले नाहीत, दोनच जोड्या गेल्या. खरीप पेरला गेला. शेळ्या आम्ही दिवाळीनंतर दिल्या, गवत होतं तेव्हा.

विहिरीच्या वरच्या उतारावर दगडी बांध घालायचे होते, रोजगार हमीतून, म्हणजे तेंदूची बुडालेली मजुरीही थोडी निघेल. मंजुरी पहिल्या पावसानंतर आली. तोवर राख वाहून विहिरीत उतरली होती, पाणी चहासारखं. विहीर उपसून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकेपर्यंत नऊ दिवस तलावाकडून पाणी वाहावं लागलं. श्रमदानातून जे थोडे बांध आधी घातले होते त्यांच्यामागे मात्र राखेचा थर अडलेला स्पष्ट दिसत होता, हातभर जाडीचा.

आणि साड्या. दोन गाठोडी शाळेच्या खोलीत तशीच पडून होती. पुढच्या फेब्रुवारीत बायकांच्या गटानं त्या चार-चार जोडून शिवल्या आणि मोहाखाली अंथरल्या. फूल साडीवर पडलं तर पाला जाळायचं कारणच उरत नाही. ऐकायला छान वाटतं, पण फुलांचा रस लागून साड्या आठवड्यात चिकट आणि आंबट झाल्या, वाऱ्यानं गोळा झाल्या, एका झाडाखालची तर रानडुकरांनी फाडली. हिरवी नायलॉनची जाळी याहून बरी ठरली, पण ती विकत घ्यावी लागते. बाकीच्यांनी बांबूच्या खराट्यानं पाला झाडून कडेला लोटला. त्या हंगामात गावाच्या वाट्याच्या मोहाखाली काडी पडली नाही. निदान आम्हाला दिसली नाही. तेंदूवर ग्रामसभेत नुसती चर्चा झाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर पत्ता तोडणंच बंद केलं, हे कुणीतरी सांगितलं. त्यावर एक बाई म्हणाली, त्यांच्यापाशी बांबू आहे, आमच्यापाशी काय आहे? तो विषय तिथेच राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

टेम्पोआधी एक माणूस पाठवायला हवा होता, वही घेऊन, रिकाम्या हातानं. पहिल्या दिवशी फोनवर एवढं जरी सांगितलं असतं की मेलेलं ढोर पुरू नका, राख हलवू नका, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तर शेळ्यांचे ४४ हजार मिळाले असते.

राख उपसताना फुटलेले सिमेंटचे पत्रे पोरांनी नुसत्या हातांनी उचलले आणि खड्ड्यात ठेचून टाकले. असल्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याचे तंतू श्वासातून जाऊ नयेत म्हणून ते ओले करून, न फोडता, तोंडाला नुसतं फडकं नव्हे तर बारीक धूळ अडवणारा मास्क लावून वेगळे पुरायचे असतात. आमच्यात कुणालाच हे माहीत नव्हतं.

मूळ गावातल्या मोहवाल्यांची यादी आम्ही केलीच नाही. टोला जळालेला दिसत होता, त्यांचं दिसत नव्हतं, इतकंच त्याचं कारण.

सगळ्यात मोठी राहून गेलेली गोष्ट चाऱ्याच्या ढिगांची. २६ टन कुटार आलं तेव्हा ते घरांपासून लांब, शाळेच्या मैदानात एकत्र रचलं होतं आणि तिथून रोज वाटलं. तीच व्यवस्था कायमची करायचा तो क्षण होता: टोल्याबाहेर एक सामाईक जागा, भोवती कुंपण, एक दिवा. आम्ही ते पुढच्या बैठकीवर टाकलं आणि तोवर सुगी आली. मागच्या खेपेला गेलो तेव्हा मी मोजलं. १४ घरांनी ढीग लांब नेले होते. नऊ घरांचं कुटार परत भिंतीला टेकलेलं. त्यात जळालेली घरंही होती. मी त्या बुढ्याला विचारलं, मामा, असं कसं?

त्यानं जंगलाकडे बोट दाखवलं. मागच्या महिन्यात वाघानं तिथूनच एक गोऱ्हा नेला होता.

"रातच्याले कुटार आणाले तिकडं कोन जाईन? तुमी येता का?"